पाण्याखालचा फोटो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि विषय मात्र समुद्राच्या तळाचा! तरी तुम्ही आग्रह केलात म्हणून उभी राहिले आहे.

माझे माहेर लातूर जिल्ह्यातले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण कुणी विसरलेलो नाही. अशा मुलखातल्या बाईने समुद्रात बुडी मारावी याचे पुष्कळांना हसू आले. पण लहानपणी, विहिरींना पाणी होते तेव्हा, पाठीला वाळका भोपळा बांधून मी पोहायला शिकले होते. लग्न होऊन नांदेडला आले. गोदावरी रोज डोळ्यांसमोर असे, पण पोहणे सुटले.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त कुडाळला असतात. तिथून मालवण जवळ. मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारण्याचे, शिक्षण केंद्र आहे. तिथे जायचे ठरले तेव्हा काही जणी म्हणाल्या, “या वयात? आणि तो अंगाला चिकटणारा पोशाख?” सासूबाईंनी मात्र परवानगी दिली. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “जा, पण काय दिसलं ते मला सांगू नको, दाखव.” म्हणून डॉक्टरांकडून तब्येत तपासून घेतली, शिवणाच्या पैशांतून फी भरली, रीतसर शिकले, आणि दुसऱ्या हिवाळ्यात एक लहानसा कॅमेरा घेतला.

पाण्यातला फोटो म्हटले की सगळे निळे आणि धुरकट. सासूबाई पहिले फोटो पाहून म्हणाल्या, “अगं, हा तर ओल्या लाकडाचा धूर!” असे का होते ते शिकवणाऱ्यांनी समजावले. सूर्याच्या उजेडातला लाल रंग पाणी आधी गिळते. दोन-तीन पुरुष खोल गेले की माझ्या मनगटावरचा लाल दोरा काळपट दिसू लागे. त्यावर टॉर्चचा झोत टाकला की तो पुन्हा लालभडक! म्हणून रंग हवा असेल तर उथळ पाण्यात, ऊन वर आलेले असताना फोटो घ्यावा, नाहीतर जवळून उजेड टाकावा. मात्र तो उजेड कॅमेऱ्याच्या नाकासमोरून टाकू नये, बाजूने टाकावा. कवडशात धूळ चमकते ना, तसा समोरच्या उजेडात पाण्यातला गाळ चमकतो आणि फोटोवर पांढरे ठिपके उठतात.

दुसरे, जवळ जावे. पाण्यात वस्तू आहे त्याहून जवळ आणि मोठी दिसते. मासा हाताशी आला असे वाटते, पण तो लांबच असतो. मधले पाणी जितके कमी तितका फोटो स्वच्छ. आणि वरून खाली फोटो घेऊ नये. माशाच्या बरोबरीने किंवा थोडे खालून घ्यावा, म्हणजे मागे उजेडाचे पाणी येते.

कॅमेरा ज्या डबीत बसवतात तिला कुकरसारखी रबरी रिंग असते. रिंगेवर एक केस जरी राहिला तरी पाणी आत शिरते. कुकरचे झाकण लावणाऱ्या बायकांना हे वेगळे शिकवायला नको!

पण सर्वांत मोठा धडा श्वासाचा. पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये. वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. श्वास संथ चालू ठेवायचा. मोठा घेतला की शरीर किंचित वर उचलते, सोडला की खाली बसते. असे अधांतरी स्थिर राहता आले की मगच हातात कॅमेरा घ्यावा.

हे फोटोसाठी आहेच, पण त्याहून अधिक पोवळ्यांसाठी आहे. दगडासारखे दिसणारे ते खडक जिवंत असतात. एक लाथ बसली की वर्षानुवर्षांची वाढ मोडते. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि पोवळ्यांना कायद्याचे संरक्षणही आहे. तरी फोटोसाठी कुणी पोवळ्यावर पाय रोवतो, कुणी मासे गोळा व्हावेत म्हणून पाव टाकतो. भगिनींनो, तुमची मुले-सुना तिकडे सहलीला जातील तेव्हा त्यांना एवढे सांगा: पाव मागू नका, कशाला हात लावू नका. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण भांडी फोडून येत नाही.

१८९३ साली फ्रान्समधल्या लुई बुटाँ नावाच्या शास्त्रज्ञाने पाण्याखाली फोटो काढले. त्या काळी एका फोटोला कधी कधी अर्धा तासही लागे. आपला कॅमेरा क्षणात काम करतो, पण धीर मात्र आपलाच लागतो. गेल्या पौषात एका पोवळ्यापाशी मी तशीच तरंगत थांबले. काळ्या पट्ट्यांचा एक पिवळसर मासा आपणहून समोर आला. तो फोटो सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला, बोट ठेवून पाच पट्टे मोजले, आणि म्हणाल्या, “आता समुद्र पाहिला.”

सगळ्यांनी मालवणला जावे असे माझे म्हणणे नाही. ते खर्चाचे काम आहे. पण आपल्यापैकी कितीजणींना पोहता येते? नदीकाठच्या गावात राहून आपण पाण्याला भितो, आणि मुलींनाही भ्यायला शिकवतो. मंडळाने यंदा बायकांसाठी आणि मुलींसाठी पोहण्याचा वर्ग काढावा, अशी माझी विनंती आहे. वर्ग निघाला तर पहिले नाव माझ्या पुतणीचे घ्या, आणि मदतीला मी रोज सकाळी येईन.