तंजावरचे मोडी कागद आणि विद्यापीठातील संशोधन

(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



अनेक विद्याशाखांनी मिळून करावयाचे अध्ययन व संशोधन, हा विषय आम्हांस देण्यात आला आहे. त्यासाठी परदेशी विद्यापीठांचे दाखले शोधण्याचे कारण नाही. चेन्नईहून आगगाडीने एका रात्रीच्या अंतरावर, तंजावरास, त्याचा उत्तम दाखला आहे.

तेथील तमिळ विद्यापीठ 1981 साली स्थापन झाले. नावावरून ते केवळ भाषेचे असावे असा समज होतो; परंतु सिद्धवैद्यक, शिल्प, संगीत, ताडपत्रे, सागरी इतिहास असे विभाग तेथे शेजारी शेजारी नांदतात. तंजावरच्या भोसले राजांच्या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर या विद्यापीठाने 1989 मध्ये टिपांसह प्रसिद्ध केले. त्याआधी, 1984 साली, के. एम. वेंकटरामय्या यांचा या राजवटीतील कारभार व समाजजीवन यांवरील ग्रंथही तेथूनच निघाला. तमिळच्या संवर्धनासाठी स्थापन झालेल्या संस्थेने मराठी कागदांसाठी एवढे श्रम घ्यावेत, याचे आम्हांस कौतुक वाटते आणि थोडा संकोचही वाटतो.

हे कागद नेमके कोणत्या शास्त्राच्या वाट्याचे, हे सांगणे कठीण आहे. दुसरे सरफोजी 1798 ते 1832 गादीवर होते. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि महाराजांनी आपले सारे चित्त विद्येकडे वळविले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढविले. धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचा एकत्र अभ्यास चाले. तेथील अनुभवसिद्ध औषधयोग तमिळ पद्यात ग्रथित झाले. नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह आजही उपलब्ध आहेत. सावित्री प्रीता नायर यांनी सरफोजींच्या या विज्ञानकार्यावर 2012 मध्ये स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो जिज्ञासूंनी अवश्य पाहावा.

छत्रांचेच उदाहरण घेऊ. 1801 साली रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात महाराजांनी छत्रांची व्यवस्था वर्णिली आहे: वाटसरूंस अन्न, आजाऱ्यास वैद्य, मुलांस शिक्षण. अशा एका छत्राचा जमाखर्च समजून घ्यावयाचा, तर धान्याच्या हिशेबाला अर्थशास्त्री हवा, औषधांच्या नावांना वैद्य हवा, नेमणुकांना इतिहासकार हवा. आणि या सर्वांच्या आधी तो कागद वाचणारा हवा. गाडे अडते ते येथे.

मोडी आधीच बिकट. लेखणी न उचलता ओळ धावते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत. त्यात तंजावरची मराठी तमिळ शब्दांनी भरलेली. आपणांस ‘कलम’ म्हणजे लेखणी किंवा कायद्याचा परिच्छेद. तेथे ते धान्याचे माप. ‘वेली’ म्हटल्यावर पुण्याच्या वाचकास मांडवावरच्या जाई-जुई आठवतील. कावेरीकाठी वेली म्हणजे जमिनीचे माप, सुमारे साडेसहा एकरांहून थोडे अधिक. ‘चक्रम’ हे तेथील नाणे होते! महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या पंडिताने हिशेबात ‘शंभर चक्रम’ वाचले, तर दरबाराविषयी त्याचा काय ग्रह होईल, हे आम्ही सांगावयास नको.

थोडक्यात, केवळ मराठी जाणणारा येथे फसतो आणि केवळ तमिळ जाणणाऱ्यास अक्षरच लागत नाही. दोन्ही भाषा ज्यांच्या तोंडी आहेत अशी माणसे कोठे मिळतील? या सभागृहात. आपली मुले शाळेत तमिळ शिकतात, भाजीवाल्याशी अस्खलित तमिळ बोलतात आणि घरी आजीशी मराठीत हट्ट करतात. त्यांपैकी कोणी वैद्यक शिकत आहे, कोणी वाणिज्य, कोणी संगणक. मोडीची तेवढी भर पडली, तर विद्यापीठास हवा तो माणूस तयार होतो. जुन्या दफ्तरात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना ठाऊक आहे की, वाचता न येणारा कागद हळूहळू अनावश्यक ठरतो आणि मग त्याच्या जपणुकीसाठी पैसा मागणेही अवघड होते.

म्हणून आमची सूचना अशी की, मंडळाने या सुवर्णमहोत्सवी वर्षात रविवारी दोन तास मोडीचा वर्ग सुरू करावा. आरंभी मुळाक्षरे व सोपी छापील पत्रे घ्यावीत. अक्षरओळख पक्की झाली की तंजावरच्या कागदांच्या छायाप्रतींसाठी विद्यापीठाकडे रीतसर विनंती करावी. तमिळ मापे व नाणी समजावून देण्यास एखादे स्थानिक प्राध्यापक बोलवावेत. पहिल्या वर्षी पाच विद्यार्थी मिळाले तरी वर्ग भरवावा. आमचे नाव त्या यादीत आजच लिहून घ्यावे.