रस्ता आधी सांगतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीनं आजारपणाच्या विषयावर का बोलावं, असं कुणी विचारील. मी डॉक्टर नाही. पण माझं सगळं काम आठवणीवर चालतं आणि पन्नाशी ओलांडली की आठवण हा विषय परका राहत नाही. आज मला बोलायचं आहे ते वयस्कर माणसांच्या गाडी चालवण्याबद्दल. स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, तो बोलण्यात दिसण्याआधी कधीकधी गाडी चालवण्यात दिसतो.

आपल्या बीड जिल्ह्यात पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता, कारण गाडीला बैल होते. बाजार करून रात्री परतणारा गाडीवान कासरा सैल सोडून डोळा लावायचा आणि बैल त्याला दारात आणून उभं करायचे. वाट बैलांच्या ध्यानात असायची. माणूस विसरला तरी भागायचं. आता त्याच वयाचा माणूस मोटारसायकलवर बसतो. तिला वेग आहे, पण घर कुठं आहे ते तिला ठाऊक नाही. सगळी वाट एकट्या माणसाच्या डोक्यात.

बोलणं सवयीवर निभावून नेता येतं. सलाम, रामराम, पाऊसपाणी, लेकराबाळांची चौकशी, यात नवीन विचार करावा लागत नाही. वारकऱ्याला हरिपाठ, नमाजीला सूरा फार उशिरापर्यंत आठवतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट काहींनी पाहिला असेल. मोहन आगाशे यांनी त्यात संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापकाची भूमिका केली आहे. रोजची ओळखदेख हरवली, तरी त्या विद्वानाच्या ओठांवर संस्कृत आहे. म्हणून घरच्यांना वाटत राहतं, इतकं पाठ आहे म्हणजे डोकं शाबूत आहे.

गाडीचं तसं नाही. समोरून दोन ट्रॉल्या उसाचा ट्रॅक्टर येतो, मागून एस.टी. हॉर्न देते, मध्येच शेळी आडवी येते. डोळा, कान, हात, पाय आणि आठवण यांना एका क्षणात एकमतानं निर्णय घ्यावा लागतो. त्यातच वाट लक्षात ठेवण्याचं काम मेंदूच्या ज्या भागाकडं असतं, त्या हिप्पोकॅम्पसला आणि त्याच्या शेजारच्या भागाला अल्झायमर हा आजार अगदी सुरुवातीलाच धरतो. स्मृतिभ्रंशाचं सर्वांत मोठं कारण हाच आजार आहे.

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पासष्टीच्या पुढच्या १३९ जणांच्या मोटारींवर वर्षभर जी.पी.एस. यंत्रानं नजर ठेवली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या शरीरात अल्झायमरच्या खुणा तपासणीत सापडल्या होत्या, पण वागण्याबोलण्यात काहीही दिसत नव्हतं. तरी त्यांचं गाडी चालवणं वेगळं निघालं. ते हळू चालवत, रात्रीचं टाळत, कमी अंतर जात आणि ठरावीक ठिकाणांपलीकडं फारसे जात नसत. वय आणि गाडी चालवण्याची नोंद एवढ्यावरून आजाराची खूण ओळखण्यात ८६ टक्के यश आलं. अभ्यास लहान आहे, मोटारींचा आहे, आपल्या फटफटीला तो जसाच्या तसा लागू होणार नाही. पण दिशा कळते.

आपल्याकडं असं यंत्र कोण बसवणार? आपलं यंत्र म्हणजे शेजारी, चहावाला, मेस्त्री.

माझ्या माहितीतले एक निवृत्त गुरुजी मोटारसायकलवर केजच्या बाजाराला यायचे. केजहून रस्ते फुटतात, कुणी कळंबला जातो, कुणी धारूरला, कुणी अंबाजोगाईला. एकदा गुरुजी भलत्याच वाटेला लागले आणि दीड तास उशिरा घरी आले. ‘जुना विद्यार्थी भेटला’ म्हणाले. कुणाला शंका आली नाही, कारण त्यांचे विद्यार्थी गावोगाव. मग एकदा गाडी बाजारात विसरून जीपनं परतले आणि सकाळी ‘गाडी चोरीला गेली’ म्हणून घर डोक्यावर घेतलं. गप्पांमध्ये मात्र पाढे, शाळा तपासणीच्या गोष्टी, सगळं चोख. गिअर नीट पडत नाही म्हणून मुलानं क्लच बदलून घेतला. शेवटी मेस्त्रीनंच त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “दादा, गाडीत काही नाही. गुरुजींनाच एकदा दाखवून घ्या.”

तर लक्ष कशावर ठेवायचं? रोजच्या वाटेवर चुकणं, चौकात विनाकारण थबकणं, इंडिकेटर तसाच चालू राहणं, ब्रेकच्या जागी भलतंच दाबलं जाणं, गाडीवर नवे ओरखडे आणि त्याचं कारण सांगता न येणं. एखाद्या वेळी हे कुणाचंही होतं. पुन्हा पुन्हा झालं, पूर्वी नव्हतं आणि आता आहे, असं दिसलं तर थांबून विचार करावा.

मात्र लगेच शिक्का मारू नये. हळू चालवणं हा शहाणपणाही असतो. मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, साखर खाली जाणं, झोपेच्या गोळ्या, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मनाची उदासी, यांनीही असंच होतं आणि यांवर उपचार आहेत. म्हणून आधी डॉक्टर. अंबाजोगाईला आपलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. फोनवर विचारायचं तर ‘टेली-मानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक आहेत.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणून चालणार नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अंदाजानुसार देशात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त आहे. वयाच्या पंचावन्नीनंतर परवाना पाच पाच वर्षांनी नवा करावा लागतो, डॉक्टरांचा दाखलाही लागतो. पण पाच वर्षांत पुष्कळ काही बदलतं, आणि ते कागदाच्या आधी घरच्यांना दिसतं.

मग किल्ली काढून घ्यायची का? निदान झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर घ्यावीच लागेल. रस्त्यावर दुसऱ्याचंही लेकरू चालत असतं. पण कशी घ्यायची, हे महत्त्वाचं. गुरुजींच्या मुलानं आधी किल्ली लपवली. गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत. मग एका जुन्या विद्यार्थ्यानं बाजाराच्या दिवशी आपल्या रिक्षातून त्यांना न्यायला सुरुवात केली, आणि किल्लीचा विषय हळूहळू मागं पडला. त्यांना गाडी नको होती, बाजार हवा होता.

आपल्या भागात किल्ली म्हणजे इज्जत. ती हातातून गेली की बँक, मशीद, मंदिर, मित्राकडचा चहा, सगळंच जातं. म्हणून आधी जाण्यायेण्याची सोय करावी, मग किल्ली मागावी. एस.टी.त पंच्याहत्तरीनंतर २०२२ पासून तिकीट लागत नाही. सोबतीला नातू द्यावा, खिशात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यावी. वाट ध्यानात ठेवण्याचं जे काम पूर्वी बैल करायचे, ते आता घरातल्या माणसांनी करायचं आहे.