हिरव्या पाण्यातल्या जलपिसवा

माझ्या परसात पेरूच्या झाडाखाली सिमेंटची एक टाकी आहे. तिच्यातलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरलं, की ज्वारीच्या कण्यांएवढे जीव टुणटुण उड्या मारताना दिसतात. या जलपिसवा, म्हणजे डॅफ्निया. नावात पिसू असली तरी गोत कोळंबी-खेकड्यांचं. माशांच्या पिलांसाठी मी त्या पाळतो.

जलपिसूचं अंग पारदर्शक असतं. भिंगातून पाठीशी धडधडणारं हृदय दिसतं आणि आतड्याची रेघसुद्धा. रेघ हिरवी असली की समजावं, पोटात शेवाळ आहे. नुसत्या यीस्टवरही त्या जगतात, पण पिलावळ रोडावते. वाढीला लागणारी काही मेदाम्लं यीस्टमध्ये नसतात. पाणी हिरवं करणारं सूक्ष्म शेवाळ हेच त्यांचं खरं अन्न.

पहिल्या वर्षी मी हौसेनं चमचाभर यीस्ट ओतलं. सकाळी पाणी दुधाळ, आंबूस वास, आणि तळाशी मेलेल्या पिसवांचा थर. फार वाईट वाटलं. उपासानं नव्हे, त्या गुदमरून गेल्या होत्या. तेव्हापासून पाणी निवळल्याशिवाय मी पुढचा घास घालत नाही. प्राणवायू हळूहळू कमी होत गेला, तर त्यांच्या रक्तात हीमोग्लोबिन वाढतं आणि अंग लालसर दिसू लागतं. तशा दिसल्या, की थोडं पाणी बदलावं.

आता उजेड. शेवाळ त्यावरच वाढतं, म्हणून टाकीला उजेड हवाच. पण दुपारचं थेट ऊन नको, पाणी तापतं. शिवाय अतिनील किरण त्यांना सोसवत नाहीत. 1880 च्या दशकात इंग्रज निसर्ग-अभ्यासक जॉन लबक यांनी पाण्यावर रंगीत प्रकाशाचे पट्टे पाडून पाहिलं, तर डॅफ्निया पिवळ्या-हिरव्या पट्ट्यात गोळा झाल्या, अतिनील टाळून.

दिवसाची लांबीही त्यांना कळते. एरवी माद्या नराविना माद्यांनाच जन्म देतात. दिवस लहान झाले, गर्दी वाढली, अन्न आटलं, की नर जन्मतात आणि खोगिरासारख्या काळ्या कवचात दोन-दोन अंडी तयार होतात. म्हणून प्रयोगशाळेत 16 तास उजेड आणि 8 तास अंधार ठेवतात.

गेल्या पौषात टाकीच्या कडेला अशी खोगिरं चिकटलेली सापडली. ती वाळवून कागदाच्या पुडीत ठेवली आहेत. ओल आणि उजेड मिळाला, की ती अंडी जागी होतात. उद्या सकाळी ती खिडकीतल्या बरणीत सोडणार आहे.