शेवटची चाल म्हणजे अख्खा सामना नव्हे



तुमच्यापैकी बरेच जण स्पर्धा परीक्षा, मुलाखती, नोकरीचा शोध यात आहात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, तेव्हा करिअरच्या चार युक्त्या सांगेन अशी तुमची अपेक्षा असेल. त्याऐवजी मी एका बुद्धिबळ सामन्याबद्दल बोलणार आहे. तुमच्याशी त्याचा काय संबंध, ते पुढे येईलच.

२०२४ च्या २५ नोव्हेंबर ते १२ डिसेंबर या काळात सिंगापूरला जगज्जेतेपदाचा सामना झाला. एका बाजूला चेन्नईचा १८ वर्षांचा डी. गुकेश. दुसऱ्या बाजूला चीनचा ३२ वर्षांचा जगज्जेता डिंग लिरेन. २०२३ मध्ये अस्तानाला विजेतेपद मिळवल्यावर डिंग नैराश्यातून गेला होता आणि ते त्याने लपवलंही नव्हतं. त्यानंतरचा त्याचा खेळ इतका घसरला होता, की गुकेश सहज जिंकेल असंच बहुतेकांना वाटत होतं.

पहिलाच डाव डिंगने जिंकला, तोही काळ्या मोहऱ्यांनी! तिसरा गुकेशने जिंकला. पुढचे सात डाव बरोबरीत. अकरावा गुकेशचा, लगेच बारावा डिंगचा. तेरावा पुन्हा बरोबरी. १४ डावांच्या सामन्यात १३ डावांनंतर गुण साडेसहा-साडेसहा. यापेक्षा चुरशीचं काय असतं?

आपल्याकडे दुपारी अडीचला डाव सुरू व्हायचा. माझ्यासमोर ऑफिसचं काम, शेजारी मोबाईलवर पट. ज्यांनी असे सामने बघितलेत त्यांना माहीत आहे, पटाच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी असते. संगणक दर क्षणाला हिशेब करतो आणि कोणाचं पारडं जड आहे ते पट्टी दाखवते. खेळाडूने चुकीची चाल केली, की पट्टी धाडकन खाली येते. मग ज्याला उंट तिरका चालतो एवढंच ठाऊक आहे तोही म्हणतो, "अरे, एवढं साधं दिसलं नाही?"

ही पट्टी आपल्याला दिसते, खेळाडूला दिसत नाही. सगळा फरक इथे आहे.

आता १२ डिसेंबरचा शेवटचा डाव. डिंगकडे पांढरी मोहरी. बरीच मारामारी होऊन पटावर दोघांचाही एकेक हत्ती, एकेक उंट आणि थोडी प्यादी उरली. गुकेशचं एक प्यादं जास्त होतं. पण अशी स्थिती नीट खेळली तर बरोबरीत सुटते. पट्टी मध्यावर. समालोचक दुसऱ्या दिवशीच्या जलद डावांबद्दल बोलू लागले होते. जलद खेळात डिंगचं पारडं जड मानलं जात होतं.

गुकेशला बरोबरी मान्य करता आली असती. त्याने केली नाही. तो खेळत राहिला. मोठा हल्ला नाही, चमत्कार नाही. दर चालीला समोरच्यापुढे एक लहानसा प्रश्न. डिंगला प्रत्येकाचं उत्तर द्यावं लागत होतं, घड्याळात त्याच्याकडे वेळ कमी होता आणि अंगात जवळपास तीन आठवड्यांचा थकवा.

५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ या घरात नेला. गुकेशने हत्तीची मारामारी केली आणि मग आपला उंट डिंगच्या उंटासमोर आणला. डिंगचा उंट कोपऱ्यात होता, त्याला निसटायला जागा नव्हती. उंटही गेले. उरले राजे आणि प्यादी, आणि तिथे एक जास्तीचं प्यादं पुरतं. ५८ चालींनंतर डिंगने हार मानली. गुकेश साडेसात, डिंग साडेसहा. १९८५ मध्ये २२व्या वर्षी जगज्जेता झालेल्या कास्पारोव्हचा विक्रम मोडला गेला.

त्यानंतर काय झालं? कोणी म्हणालं, गुकेशला फुकट मिळालं. कोणी म्हणालं, डिंगने शाळकरी चूक केली. माजी जगज्जेता क्रामनिकनेही कडक टीका केली. मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात. ती चूक आकाशातून पडली नाही. आधीच्या पन्नासेक चालींनी आणि तेरा डावांनी ती घडवली. आणि ज्याने ती केली, त्यानेच नैराश्यातून उठून बाराव्या डावात सुंदर विजय मिळवला होता.

आमच्या क्षेत्रात एखादी यंत्रणा रात्री बंद पडली, तर चांगल्या टीममध्ये सकाळी "कोणी केलं?" असं विचारत नाहीत. त्या माणसाला त्या वेळी काय दिसत होतं, किती वेळ होता, किती तास तो जागा होता, हे विचारतात. नाहीतर खरं कारण कधीच सापडत नाही.

आपल्या घरात मात्र निकालाच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात ती पट्टी असते. चाचा, मामू, शेजारी, सगळे. "दोन मार्कांनी गेलं? एवढं साधं चुकलं?" मुलीच्या बाबतीत तर पुढचं वाक्य तयारच असतं, "आता पुरे झालं शिक्षण." दोन मार्क दिसतात. एका खोलीत सहा माणसांत बसून केलेला अभ्यास दिसत नाही.

बुद्धिबळातला 'शहमात' हा शब्द फारसीतून आला. राजा मारला गेला, असा त्याचा अर्थ अनेकदा सांगितला जातो. पण अनेक अभ्यासकांच्या मते फारसी 'मात'चा अर्थ निरुपाय, हतबल. पटावरही राजा कधी मारला जात नाही. त्याला वाट उरत नाही, एवढंच. डाव संपतो, मोहरी पुन्हा मांडता येतात.

जिंकल्यावर गुकेशने पत्रकारांसमोर आधी डिंगबद्दल बोलून घेतलं. तो खऱ्या जगज्जेत्यासारखा लढला, असं सांगितलं. डिंगने निकाल योग्य असल्याचं मान्य केलं.

तेव्हा माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं आहे. स्थिती बरोबरीची दिसते म्हणून उठू नका, अजून एक चाल खेळा. आणि घरात, मोहल्ल्यात कोणी शेवटच्या चालीला चुकलं, तर त्याच्या आधीच्या ५४ चालींबद्दलही विचारा. या महिन्यात निकाल लागलेलं कोणी तुमच्या ओळखीचं असेल, तर आज घरी जाताना त्याला किंवा तिला एक फोन करा.