लेकराचे नाव ठेवताना

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मी काही विद्वान माणूस नाही. तीस वर्षे राईस मिलमध्ये धानाचे कट्टे उचलले. जे वाचले ते कामावरून आल्यावर, कंदिलाच्या नाहीतर बल्बच्या उजेडात वाचले. समितीने सांगितले, दोन शब्द बोला. आपल्या विहारात नामकरणाचे कार्यक्रम होतच असतात, म्हणून आज लेकराच्या नावाबद्दलच बोलतो.

माझ्या वडिलांचे नाव उकंडा. तरुण पोरांना हसू येईल, पण आधी ऐका. आजीची तीन लेकरं एकामागून एक गेली. चौथं झालं तेव्हा तिनं ते उकंड्यावर ठेवलं आणि परत उचलून घरात आणलं. मृत्यूला वाटावं, हे तर टाकलेलं पोरगं आहे, याला नेऊन काय करायचं? दवाखाना नव्हता, औषध नव्हतं. लेकरू वाचवायला त्या माउलीजवळ फक्त एक नाव होतं. कचरू, दगडू, धोंडू ही नावे अशीच आली. नाहीतर जन्माचा वार पाहायचा. सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगरू, बुधवारचा बुधा, रविवारचा इतवारी. अशी नावे आपल्याच वस्तीत नव्हती, इतर गरीब जातींतही होती. म्हणून त्या नावांना हसू नका. त्यांत मायेचा जीव अडकलेला आहे.

पण गोष्ट इथेच संपत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावाचा नियम सांगितला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे असावे. आजीला मनू माहीत नव्हता. तिने मायेने ठेवलेले नाव मात्र त्या व्यवस्थेला आयतेच सोयीचे पडले. मी दहा-बारा वर्षांचा असताना वडिलांचा डबा घेऊन मिलमध्ये गेलो होतो. हजेरी घेताना मुनीम ओरडला, "ए उकंड्या!" आजूबाजूचे हसले. वडील मान खाली घालून पुढे गेले. तो दिवस मी अजून विसरलो नाही. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती का जाळली, हे मला पुस्तक वाचण्याच्या आधी त्या हजेरीत समजले.

१९५६ साली वडील सोळा वर्षांचे होते. तेव्हा आपला भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला. आजोबांबरोबर ते रेल्वेने नागपूरला गेले आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर उभे राहिले. परत आले ते बौद्ध होऊन. स्वतःचे नाव त्यांनी बदलले नाही. म्हणायचे, "माय ठेवून गेली, राहू दे. पण माझ्या पोराचं नाव असं राहणार नाही." माझे नाव त्यांनी आनंद ठेवले. पुढे मी मिलमध्ये लागलो तेव्हा मुनीमाला हजेरीत 'आनंद' म्हणावेच लागले. बंधूंनो, धम्माने आम्हाला काय दिले असे कोणी विचारले, तर मी पहिल्यांदा हे सांगतो.

त्या काळात घराघरात अशी नावे आली. बाबासाहेबांनीच वाट दाखवली होती. मुंबईच्या कॉलेजला त्यांनी १९४६ साली सिद्धार्थ नाव दिले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली सुरू झालेल्या कॉलेजला मिलिंद नाव दिले. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. मग आमच्याकडे सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद, सुजाता, यशोधरा, विशाखा, संघमित्रा जन्माला आले. उपालीचेच पाहा. तो न्हावी होता, पण पहिल्या धम्मसंगीतीत विनय सांगण्याचा मान त्याला मिळाला. असे नाव लेकराला दिले म्हणजे त्याला एक पूर्वज दिल्यासारखे होते.

आता आजची गोष्ट. काही घरी भटजीकडून राशीचे अक्षर काढून आणतात आणि नाव ठेवायला विहारात येतात. भावांनो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना आपण? ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करणार नाही असे म्हटले ना? मग अक्षर त्याच्याकडून कशाला? काही जण म्हणतात, बौद्ध नाव ठेवले तर नोकरीत लगेच ओळखतात. अहो, नाव कोणतेही सांगा, आपल्याकडे माणूस लगेच विचारतो, "पुढे काय?" आडनाव सांगावेच लागते. नाव लपवून जात सुटत नाही.

पण माझीही एक चूक सांगतो. नात झाली तेव्हा मी नाव ठरवूनच बसलो होतो, महाप्रजापती. पोराने मोबाईलवरून कियारा काढले होते. मी विचारले, याचा अर्थ काय? त्याला सांगता येईना. मी रागावलो. तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, सहा अक्षरांचं नाव लेकरू कसं लिहील? आणि आमचं नाव दुसऱ्यांनी ठरवलं म्हणून तुम्ही मनूवर रागावता, मग इथं मला कोणी विचारलं का?" मी गप्प झालो. ती खरे बोलली होती. शेवटी तिनेच थेरींची नावे वाचून 'खेमा' शोधले. खेमा ही बिंबिसार राजाची राणी, पुढे भिक्खुणी झाली आणि प्रज्ञेत अग्र मानली गेली. नावाचा अर्थ सुरक्षित, निर्भय. अक्षरे दोनच. सगळ्यांना पटले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. नाव आईबापाने मिळून ठेवावे, आजी-आजोबांनी सुचवावे, हट्ट करू नये. नाव लेकराला लिहायला सोपे असावे आणि अर्थ विचारला तर आईबापाला सांगता यावा. मुलगी झाली म्हणून तोंड वाकडे करू नका. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुशा' नावाच्या अडीचशेवर मुलींची नावे बदलावी लागली, ही आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट आहे.

कागदाचेही पाहा. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. नाव ठरले नसेल तर वर्षभरात विनाशुल्क लिहिता येते, उशीर झाला तर पैसे लागतात. मराठी आणि इंग्रजी अक्षरे तपासून घ्या, नाहीतर पुढे राजपत्रापर्यंत धावपळ होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावात आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहायचे, असा शासनाचा निर्णय आहे. ज्या माउलीने उकंड्यावरून लेकरू उचलले, तिचे नाव कोणत्याच कागदावर आले नाही. आता येईल.

समितीला एक विनंती करतो. नामकरणाच्या दिवशी आईबापाने उभे राहून नावाचा अर्थ सर्वांना सांगावा आणि विहाराच्या वहीत तो लिहून ठेवावा. घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या नावांच्या गोष्टीही त्यात लिहा. माझ्या कागदावर वडिलांच्या रकान्यात अजून 'उकंडा' आहे. पूर्वी मी ते हळूच सांगायचो. आता मोठ्याने सांगतो.