जुन्या जीपचा चेहरा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास निघालेल्या प्रवाशास वाटेत सातपूरची औद्योगिक वसाहत लागते. तेथील महिंद्र कंपनीच्या कारखान्यातून २०२० साली नवी ‘थार’ बाहेर पडली, तेव्हा तिच्या यंत्राइतकीच तिच्या चेहऱ्याची चर्चा झाली. वाटोळे दिवे, उभट पुढा, चाकांवरची सपाट मडगार्डे पाहून कित्येकांस जुन्या जीपची आठवण झाली. नव्या गाडीने जुनीसारखे दिसावे, अशी ओढ माणसास का लागावी?

मौज अशी की, ज्या रूपासाठी आज मन हळहळते, ते सुंदर दिसावे म्हणून कोणी घडविलेच नव्हते. १९४० साली अमेरिकी सैन्यास चारही चाकांच्या जोरावर चालणारे हलके वाहन तातडीने हवे होते. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने त्याचा आराखडा अवघ्या काही दिवसांत काढून दिला. पुढे विलिस व फोर्ड यांनी मिळून अशी सहा लाखांहून अधिक वाहने बनविली. समोरची जाळी प्रथम लोखंडी पट्ट्या जोडून करीत. फोर्डने एकाच पत्र्यात नऊ उभ्या फटी पाडल्या, कारण ते काम सोपे व स्वस्त होते. युद्ध संपल्यावर नागरी जीपचे दिवे मोठे झाले आणि फटी सातच उरल्या. युद्धातील जीपची काच बोनेटवर आडवी करता येई. दिवे तर बिजागरीवर बसविलेले असत. रात्री इंजिन बिघडल्यास दिवा मागे फिरवावा आणि त्याच उजेडात दुरुस्ती उरकावी!

महिंद्रांनी १९४७ साली ही जीप भारतात आणण्याचे काम अंगीकारले. पुढे तिचे वंशज सरकारी दौऱ्यांत दिसू लागले, काळ्या-पिवळ्या रंगात खेड्यापाड्यांची उतारू-वाहतूकही करू लागले. पत्रा सपाट असल्याने, तो दबला तर गावचा कारागीर हातोडीने ठोकून सरळ करी. गाडी कशी बनली आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कळत असे. जुन्या घाटाविषयीच्या जिव्हाळ्याचे मूळ बहुधा येथेच आहे.

अर्थात हा जिव्हाळा थोडा विसराळूही आहे. सैनिकी जीपला ना धड दारे होती, ना आसनपट्टे. उलट २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत चार तारे मिळाले. मात्र तिचा दिवा इंजिनाकडे वळत नाही, काच बोनेटवर निजत नाही. पूर्वी जे अवयव होते, त्यांतील काही आता अलंकार झाले आहेत. त्यात फसवणूक नाही. पण दोहोंतला भेद ओळखलेला बरा.

या चेहऱ्याची किंमत व्यापाऱ्यांस पुरती ठाऊक आहे. महिंद्रांनी अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाचे, हमरस्त्याबाहेर चालवावयाचे वाहन आणले, तेव्हा जीप या नावाची मालकी असलेल्या फियाट क्रायस्लरने २०१८ साली तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार नेली. ज्या रूपाचा उगम सैन्याच्या घाईत झाला, ते आता एका कंपनीची मिळकत म्हणून मांडले गेले. आयोगाने २०२० साली निर्णय महिंद्रांच्या विरुद्ध दिला, आणि रॉक्सरला आपला चेहरा बदलावा लागला. थारचे दिवे मात्र वाटोळेच राहिले.