अपील फेटाळावे की दुरुस्तीला परत द्यावे?



मी वकील नव्हे, बँकेतला कारकून. चेकवर तारीख चुकली तर आम्ही कारण लिहून चेक परत देतो. खाते बंद करीत नाही. आमच्या वस्तीतील एका काकांचे घरजागेचे अपील मात्र मुदतीनंतर, उशीर माफीच्या अर्जाविना दाखल झाले आणि तेवढ्यावरच फेटाळले गेले. असा अर्ज लागतो हेच त्यांना ठाऊक नव्हते.

कायदा इतका कठोर नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ३ प्रमाणे नमुन्यात नसलेले अपील नाकारता येते, तसे दुरुस्तीसाठी परतही देता येते. उशीर माफीचा अर्ज न जोडणे ही सुधारता येणारी त्रुटी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात सांगितले. उशिरा अपील करून पक्षकाराचा सहसा फायदा होत नाही, हे तर १९८७ मध्येच म्हटले होते.

सहसा! कारण ज्याच्या हाती स्थगिती आहे त्याला उशीर फायद्याचाच. तो मुद्दाम अपुरे कागद देतो, तारखा घेतो, हरला की तोच वाद नव्या नावाने आणतो. अशांसाठी कलम १५१ चा अंगभूत अधिकार आहे. न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग तिथे निर्दयपणे थांबवावा. पण अज्ञान आणि लबाडी एकाच तराजूत घालू नये.

महाडच्या चवदार तळ्याचा दावा आठवा. तो १९२७ साली प.पू. बाबासाहेबांविरुद्ध दाखल झाला. विरोधक महाडला हरले, ठाण्याला हरले, तरी उच्च न्यायालयाने त्यांचे अपील पूर्ण ऐकले आणि १७ मार्च १९३७ रोजी फेटाळले. वहिवाट अनादिकाळापासूनची आहे हे त्यांना सिद्ध करता आले नाही. दहा वर्षे गेली, हे खरे. पण कागदातील उणिवेवर जिंकलो असे कोणी म्हणू शकले नाही.

आता कामाचे. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलेचा अर्ज द्या. नक्कल मिळायला लागणारे दिवस मुदतीतून वगळतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जातींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्याचा अर्ज तालुक्याच्या कोर्टातच, विधी सेवा समितीकडे करता येतो. जातीचा दाखला सोबत न्या.

जय भीम.